हे-ऑन-वाय: आईबाबांना कधी न्यावं, कसं न्यावं?

कोरेगावची_लेक | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी,

आईबाबा या महिनाअखेरीस तीन महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला येताहेत. दोघांचीही ही पहिलीच फेरी. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, एडिंबरा अशी माझी यादी तयार होती. काल फोनवर वाचून दाखवली तर बाबा म्हणाले, "ते सगळं तू ठरव. मला फक्त ते पुस्तकांचं गाव दाखव. मूळचं."

बाबा हायस्कूलला मराठी शिकवायचे आणि शाळेची लायब्ररी बावीस वर्षं त्यांच्याकडे होती. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या पडवीत फाटक्या पुस्तकांचा ढीग पडायचा. बाबा खळ लावून पुठ्ठे चढवायचे, आम्ही बहिणी सुईत दोरा ओवून द्यायचो. २०१८ मध्ये ते महाबळेश्वरजवळच्या भिलारला, म्हणजे आपल्याकडच्या पुस्तकांच्या गावाला, जाऊन आले. तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं की ही कल्पना वेल्सच्या सीमेवरच्या एका छोट्या गावावरून सुचली. तेव्हापासून हे-ऑन-वाय डोक्यात पक्कं बसलंय.

आता माझे प्रश्न. मेअखेरीला तिथं मोठा साहित्य महोत्सव असतो, तेव्हा जावं की त्याच्या आधी शांतपणे? नवऱ्याला सुट्टी नाही आणि मी इथं गाडी चालवत नाही, तर ट्रेन-बसने जमेल का? आईचा उजवा गुडघा दुखतो, चढउतार किती आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई इंग्रजी वाचत नाही. पुस्तकांच्या गावात तिनं दोन दिवस काय करायचं? ती "मी बसेन की कुठंतरी" म्हणते, पण मला तिला नुसतं बसवून ठेवायचं नाहीये.

*

कार्डिफकर

कोरेगावची लेक, बिनधास्त जा. गाव पॉविस परगण्यात, वाय नदीच्या काठावर, इंग्लंडच्या हद्दीला अगदी खेटून आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढी, पण जुन्या पुस्तकांची दुकानं आजही वीसेक आहेत.

हेला (हे-ऑन-वायला सगळे नुसतं 'हे' म्हणतात) रेल्वे नाही. होती, १९६२च्या शेवटी प्रवासी गाड्या बंद झाल्या. आता बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून हेरफर्डपर्यंत ट्रेन, साधारण दीड तास. तिथून टी१४ नंबरची बस, जी पुढे ब्रेकनवरून कार्डिफला जाते. हेरफर्ड ते हे वीस मैल, बसला तासभर धरा. बसचं वेळापत्रक निघण्याआधी नक्की बघा, रविवारच्या भरवशावर राहू नका. आम्ही एकदा शेवटची बस चुकवून हेमध्ये अडकलो होतो आणि टॅक्सी मिळेपर्यंत अंधार झाला होता.

गाव उतारावर आहे, पण छोटं आहे. काकूंना हळूहळू जमेल. वरच्या किल्ल्यात आता लिफ्टसुद्धा बसवलीय.

*

पानसुपारी

हे-ऑन-वाय! आणि भिलारच्या घाटाखाली कोण? वाई! तिकडे वायवरचं हे, इकडे वाईवरचं भिलार. :)

*

स्ट्रॉबेरीवाला

पानसुपारी, हे भारीच. आणि वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. म्हणजे पुस्तकांशी नातं आमच्या वाईचंही जुनं आहे बरं का.

*

निळी_छत्री

मी महोत्सवात जाऊन आलेय. माझं मत स्पष्ट आहे, साठी-सत्तरीच्या माणसांना पहिल्या भेटीला महोत्सवात नेऊ नका. तो गावात भरत नाही, गावाबाहेरच्या माळावर मोठमोठे तंबू ठोकतात. आमच्या वेळी दोन दिवस पाऊस लागला होता, पायाखाली चिखल, गवतावर फळ्या टाकलेल्या. राहायला जागा म्हणाल तर लोक वर्षभर आधी खोल्या धरून ठेवतात. आम्ही पंचवीस मैलांवर राहिलो आणि रोज जाऊन-येऊन गाव पाहायचं राहूनच गेलं.

गुरुवारी जा. गुरुवारी गावात आठवड्याचा बाजार भरतो. काकूंचा अर्धा दिवस तिथेच जाईल, लिहून घ्या.

*

अक्षरधुंद

निळी छत्रीशी असहमत. एका निवृत्त मराठी शिक्षकाला जगातल्या नावाजलेल्या साहित्य महोत्सवाच्या दोन आठवडे आधी तिथून परत आणायचं? हा महोत्सव १९८८ मध्ये एका कुटुंबानं सुरू केला, पीटर फ्लोरेन्स आणि त्यांच्या आईवडिलांनी. २००१ मध्ये बिल क्लिंटन येऊन गेले आणि त्याला "मनाचं वुडस्टॉक" म्हणाले (वुडस्टॉक म्हणजे अमेरिकेतला गाजलेला संगीत महोत्सव). आपल्याकडे तिरुअनंतपुरमलाही २०१० मध्ये याची एक आवृत्ती झाली होती. आत शिरायला पैसे लागत नाहीत, तिकीट फक्त त्या त्या कार्यक्रमाचं. काका एखादं व्याख्यान ऐकतील, बाकी वेळ लोकांना बघत बसतील. हजारो माणसं गवतावर बसून पुस्तक वाचताहेत हे दृश्य त्यांनी बघायला हवं. आपल्या साहित्य संमेलनात ग्रंथदालनात गर्दी असते, पण तिथं माणूस जागेवर बसून वाचताना दिसत नाही.

*

निळी_छत्री

अक्षरधुंद, दृश्य सुंदर आहे, मान्य. पण इंग्रजी व्याख्यान, ब्रिटिश उच्चार, वर तंबूवर पावसाचा आवाज. मला सोळा वर्षं इथं राहून निम्मं समजलं. आणि काकू? आईला गवतावर मांडी घालून उठता येत नसेल तर काय करणार?

*

अक्षरधुंद

गुडघ्याचा मुद्दा मान्य. खुर्च्या असतात, पण लवकर भरतात.

*

पोथीबंद

महोत्सवाची चर्चा चाललीच आहे, पण बाबांना ज्या माणसासाठी तिथं जायचंय त्याच्याविषयी कुणी बोललं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिचर्ड बूथ. जन्म १९३८, शिक्षण ऑक्सफर्डला. शिकून बाकीचे लंडनला जातात, हा आपल्या गावाकडे परतला. रेल्वे बंद झाली, शेतीचे दिवस फिरले, तरुण पोरं बाहेर चाललेली. १९६२ मध्ये यानं गावातल्या जुन्या अग्निशमन केंद्रात जुन्या पुस्तकांचं दुकान उघडलं. (कार्डिफकरांनी लिहिलंय त्याच वर्षी रेल्वे गेली, हे लक्षात घ्या.) त्याचा विचार असा की एका दुकानासाठी कुणी इतक्या आडबाजूला येणार नाही, पण अख्खं गावच पुस्तकांचं असेल तर जगभरातून लोक येतील. इंग्लंडातल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांतली ग्रंथालयं, अमेरिकेतल्या बंद पडणाऱ्या संस्थांची पुस्तकं, कंटेनर भरभरून आणली. सिनेमाचं थिएटर बंद पडलं, तिथं पुस्तकं. किल्ला घेतला, तिथं पुस्तकं. त्याच्याकडे काम शिकलेल्यांनी पुढं स्वतःची दुकानं काढली.

मग १ एप्रिल १९७७ रोजी त्यानं हे-ऑन-वाय स्वतंत्र राज्य झाल्याचं जाहीर केलं. स्वतः राजा रिचर्ड. घोड्याला पंतप्रधान केलं. पासपोर्ट काढले, सरदारक्या विकल्या. वर्तमानपत्रं धावत आली. लोक याला थट्टा म्हणून सोडून देतात, पण त्याचा राग खरा होता. ग्रामीण भागाचा विकास करायला नेमलेल्या सरकारी मंडळांवर तो जन्मभर तुटून पडला. त्याचं म्हणणं, बाहेरून कारखाना आणून गाव जगत नाही, गावातल्या माणसाच्या हाताला गावातच काम पाहिजे. आपल्या कोकणात, माणदेशात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२०१९ मध्ये तो गेला. त्याच्या आधीच बेल्जियममधल्या रेदूनं १९८४ मध्ये हीच वाट धरली, स्कॉटलंडचं विगटाउन १९९८ मध्ये ग्रंथनगर झालं, आणि २०१७ मध्ये आपलं भिलार. हेचं भगिनी-शहर कोण, ठाऊक आहे? आफ्रिकेतलं टिंबक्टू. हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध गाव म्हणून.

*

स्ट्रॉबेरीवाला

पोथीबंद, सुंदर लिहिलंत. पण भिलारला हेची नक्कल म्हणू नका, ही विनंती. मी तिथलाच, म्हणजे शेजारच्या गावचा.

हे-ऑन-वाय हा बाजार आहे. तिथं पुस्तक विकत घ्यायचं. भिलारमध्ये ४ मे २०१७ ला उद्घाटन झालं तेव्हा पंचवीस जागांत मिळून पंधराएक हजार पुस्तकं ठेवली होती, आणि त्या जागा म्हणजे लोकांची राहती घरं, देऊळ, शाळा. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात संतसाहित्य. आत जायचं, ओसरीवर बसायचं, वाचायचं. पैसे नाहीत. घरातल्या आजी पाणी आणून देतात. हे जगात कुठं आहे?

*

अक्षरधुंद

पण मग चालणार कसं? हे-ऑन-वाय साठ वर्षं टिकलं कारण दुकानदाराचं पोट त्यावर आहे. भिलारमध्ये घरमालकाला उत्पन्न राहण्या-जेवण्याचं, म्हणजे पर्यटनाचं. पुस्तक फाटलं तर नवीन आणायला सरकारी खात्याकडे बघायचं. लेखक-प्रकाशकाला काय मिळतं?

*

स्ट्रॉबेरीवाला

प्रश्न रास्त आहे. आणि आमची खरी अडचण तुम्ही विचारलीच नाही. पाऊस! आमच्याकडे जूनपासून ढग घरात शिरतात. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पापड सादळतात, तिथं कागदाचं काय होत असेल? पावसाळ्यात पुस्तक पुसायचं, ऊन पडलं की काढून ठेवायचं, हे ज्या घरांनी मनापासून केलंय त्यांना माझा नमस्कार. काकांना हे पटकन समजेल, त्यांनी बावीस वर्षं तेच केलंय.

*

सीमेवरचा_मी

धागा वाचतोय. मी निपाणीकडचा. शीर्षकात नाही, पण मजकुरात "सीमेवरचं गाव" वाचलं आणि थांबलो. तिथं सीमेवर काय दिसतं? वाद आहे का? पाट्या कुठल्या भाषेत?

*

कार्डिफकर

सीमेवरचा मी, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, हा माझा आवडता विषय.

हे गावाच्या कडेनं डुलास नावाचा ओढा वाहतो. अलीकडे वेल्स, पलीकडे इंग्लंडचा हेरफर्डशर. पूल चालत ओलांडायला अर्धं मिनिट. चौकी नाही, कुणी अडवत नाही. एरवी कळतही नाही. पण २०२० मध्ये वेल्सनं २३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर कडक टाळेबंदी लावली तेव्हा इंग्लंडची टाळेबंदी सुरू व्हायची होती. म्हणजे ओढ्याच्या एका काठावर घरात बसायचा नियम, दुसऱ्या काठावर नाही.

अजून उत्तरेला नायटन म्हणून गाव आहे. गाव वेल्समध्ये आणि त्याचं रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये! वेल्श नावाचा अर्थ 'बांधावरचं गाव'. हा बांध म्हणजे आठव्या शतकात मर्सिया या जुन्या इंग्लिश राज्याचा राजा ऑफा यानं घातलेला मातीचा लांबच लांब बांध, त्याच्या कडेनं आज १७७ मैलांची पायवाट आहे आणि ती हे गावातूनच जाते. लानमनेख नावाच्या खेड्यात तर सरहद्द एका पबच्या मधून जायची. १८८१च्या कायद्यानं वेल्समधले पब रविवारी बंद असत. मग लोक रविवारी त्याच इमारतीच्या इंग्लंडकडच्या भागात बसत.

पाट्या वेल्समध्ये दोन्ही भाषांत. रस्त्यावर SLOW सोबत 'आराव' लिहिलेलं असतं. ही पाटी सहजासहजी आलेली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पोरांनी इंग्रजी पाट्यांना रंग फासला, तुरुंगात गेली. आता ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानानंही २०२३ पासून आपलं वेल्श नावच वापरायचं ठरवलंय. पण खुद्द हे गावात वेल्श बोलणं फारसं कानावर येत नाही, हे सांगायला हवं. सीमेवर भाषा आधी पातळ होते.

*

सीमेवरचा_मी

शेवटचं वाक्य आम्हाला कुणी सांगायला नको. माझी मुलं घरात मराठी, शाळेत कन्नड, मोबाइलवर इंग्रजी. दोन्ही भाषांची पाटी एकाच खांबावर, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे डोळ्यांनी बघायला आवडेल मला. लेकी, जमलं तर त्या ओढ्यावरच्या पुलाबद्दल लिहा.

*

पानसुपारी

'आराव' लिहिलेलं मी ARAF असं वाचून 'अराफ' म्हणत होतो दोन वर्षं!

*

कार्डिफकर

पानसुपारी, वेल्शमध्ये एका एफचा उच्चार व. दोन एफ आले की फ. आणि डबल एल हा सगळ्यात गमतीचा. जीभ ल म्हणायला लावायची आणि बाजूनं नुसती हवा सोडायची. आपल्या ळशी त्याचा संबंध नाही, तरी मराठी माणसाला लवकर जमतो असा माझा अनुभव. हे गावाचं वेल्श नाव 'अ गेल्ली', त्यात हाच आवाज आहे. गेल्ली म्हणजे राई. इंग्रजीतल्या हेचा गवताशी संबंध नाही, तो नॉर्मन लोकांचा कुंपण घातलेल्या जागेसाठीचा शब्द.

जाताजाता, अठराला वेल्शमध्ये 'दोन नऊ' म्हणतात.

*

पोथीबंद

आणि आपण एकोणीसला एक उणा वीस. मजा आहे.

*

चुलीवरची_भाकरी

पुस्तकं झाली, सीमा झाली, कुणी त्या काकूंकडे बघाल का?

१) मेंढीच्या दुधाचं आइस्क्रीम. गावाच्या मध्यावर शेफर्ड्स नावाचं दुकान आहे. चव अगदी हलकी, वास अजिबात येत नाही.
२) ग्लॅमॉर्गन सॉसेज. नाव ऐकून घाबरू नका, मांस नसतं. चीज, लीक नावाचा कांद्याचा भाऊबंद आणि पावाचा चुरा. अंडं असू शकतं, विचारा.
३) बारा ब्रिथ, म्हणजे ठिपक्यांचा पाव. चहात भिजवलेल्या मनुका घालून करतात.
४) वेल्श केक तव्यावर भाजतात. पण जुन्या पद्धतीत डुकराची चरबी घालतात, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नका. माझ्या सासूबाईंना मी न विचारता दिला आणि नंतर कळल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मला आजही वाईट वाटतं.

आणि काकूंना किल्ल्याची गोष्ट सांगा. हा किल्ला मोल वॉलबी नावाच्या राक्षसिणीसारख्या दांडग्या बाईनं ओच्यात दगड भरून एका रात्रीत बांधला. एक खडा तिच्या बुटात गेला, तो तिनं रागानं भिरकावला, तर नदीपलीकडे लोवेसच्या चर्चमध्ये जाऊन पडला. तो उभा दगड आजही तिथं आहे. आपल्याकडे एका रात्रीत बांधलेलं सगळं पांडवांच्या नावावर, तिथं बाईच्या नावावर! खरी बाई म्हणजे मॉड द ब्रोज, किल्लेदाराची बायको. इंग्लंडच्या जॉन राजाशी वाकडं आलं आणि १२१० मध्ये त्यानं तिला कोंडून उपाशी मारलं.

*

रहस्यरंजन

खाण्यावरून आठवलं. हेचा एक वकील, मेजर आर्मस्ट्राँग. बायकोला आर्सेनिक घालून मारलं, मग गावातल्या दुसऱ्या वकिलाला चहाला बोलावून विषारी स्कोन (चहासोबतचा छोटा गोडसर पाव) दिला. तो वाचला आणि याचं बिंग फुटलं. ३१ मे १९२२ ला फाशी. ब्रिटनमध्ये खुनासाठी फासावर गेलेला हा एकमेव वकील. राहायचा ओढ्यापलीकडे कसॉपला, कचेरी हेमध्ये.

*

चुलीवरची_भाकरी

अहो, मी खाण्याची यादी देतेय आणि तुम्ही विष कालवताय!

*

दगडधोंडे

नदीचं कुणीच लिहिलं नाही. वाय आणि सेव्हर्न या दोन्ही नद्या वेल्समधल्या प्लिनलिमॉन नावाच्या एकाच डोंगरावर उगम पावतात. वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि चेपस्टोपाशी पुन्हा भेटतात. काका सातारा जिल्ह्यातले ना? त्यांना एवढंच सांगा. महाबळेश्वरला निघालेल्या कृष्णा-कोयना कऱ्हाडला भेटतात, तशीच ही गोष्ट.

दुःखाची बाब अशी की गेली काही वर्षं उन्हाळ्यात वायचं पाणी शेवाळानं हिरवं होतं. खोऱ्यात कोंबड्यांची प्रचंड शेडं आहेत, त्यांची विष्ठा खत म्हणून शेतात जाते आणि तिथून फॉस्फेट नदीत. मी २०१२ मध्ये तळातले गोटे बघितले होते, मागच्या वर्षी तिथंच पाय घातला तर बुळबुळीत. तरी गावाखाली वॉरन म्हणून नदीकाठचं कुरण आहे, सपाट आहे, आईंना तिथं न्या.

गाडी असती तर गॉस्पेल पासही सुचवला असता, ५४९ मीटर, वेल्समधला सर्वात उंच रस्ता. पण रस्ता एका गाडीपुरता आहे. बसनं जाताय तर सोडून द्या.

*

पोथीबंद

एक राहिलं. हेरफर्डला ट्रेन सोडून बस धरायचीच आहे तर तिथल्या कॅथेड्रलमध्ये दोन तास काढा. तिथं साखळीबंद ग्रंथालय आहे. जुन्या काळी पुस्तक इतकं महाग की फळीला साखळीनं बांधून ठेवत. आणि साधारण १३०० सालचा कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा, ज्यात पूर्व दिशा वर आहे.

मराठी काही मिळेल ही आशा मात्र ठेवू नका. मी हेच्या प्रत्येक दुकानात मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश विचारून झालोय. तीन फेऱ्या झाल्या, अजून नाही.

*

कोरेगावची_लेक | १४ एप्रिल

इतके प्रतिसाद! सगळे बाबांना वाचून दाखवले. कृष्णा-कोयनेचं ऐकून ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. अक्षरधुंद, महोत्सव या वेळी नको असं ठरलंय. मेच्या मध्यावर बुधवार-गुरुवार जातोय. आल्यावर लिहीन.

*

कोरेगावची_लेक | १९ मे

जाऊन आलो. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

बुधवारी सकाळी हेरफर्ड. साखळ्यांचं ग्रंथालय बघताना बाबांनी तिथल्या बाईंना माझ्यामार्फत विचारलं, पुस्तकांचे कणे आत आणि पानांची बाजू बाहेर का? त्यांनी हातानं दाखवलं. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली असते, म्हणून ती बाजू बाहेर, म्हणजे पुस्तक उलटं न फिरवता थेट खालच्या उतरत्या फळीवर उघडता येतं. बाबांनी दोनदा "अच्छा, अच्छा" केलं. शाळेतल्या लायब्ररीत दर वर्षी दहा-बारा पुस्तकं परत यायची नाहीत आणि ती स्वतःच्या पगारातून भरायची, हे त्यांनी तिथं पहिल्यांदा सांगितलं. आईला ते माहीत होतं. मला नव्हतं.

दुपारच्या टी१४नं हेला पोचलो. गुरुवारी बाजार. चुलीवरची भाकरी आणि निळी छत्री, तुमचे आभार कसे मानू? आईनं घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरुवात केली आणि एकेक दुकानाचं पाल बघत फिरली. एका भाजीवाल्याकडे मेथीसारखं काही दिसतंय म्हणून वास घेऊन पाहिला, नव्हती ती मेथी. त्यानं तिला लीक हातात घेऊन दाखवलं, तिनं त्याला खुणेनं विचारलं की पातीही खातात का. भाषा नाही, काही नाही, दहा मिनिटं दोघांचं चाललं होतं. येताना दोन जुड्या घेऊनच आली. मेंढीच्या दुधाचं आइस्क्रीम तिला आवडलं. तिच्या आजोळी मेंढ्या होत्या, पण मेंढीचं दूध असं खाल्लं नव्हतं म्हणाली.

बाबा दुकानांत शिरायचे, एखादं पुस्तक काढायचे आणि आधी शिवण बघायचे. मजकूर नंतर. एका दुकानदारानं हे पाहिलं आणि आतून एक तुटक्या कण्याचं पुस्तक आणून दिलं, आतली शिवण दिसावी म्हणून.

किल्ल्याच्या आवारात भिंतीला लागून उघड्यावर फळ्या आहेत, वर नुसतं छप्पर. माणूस कुणी नाही. पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. बाबा तिथं तासभर होते. त्यांनी मला बोलावून एक लहानसं, हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक दाखवलं. आतल्या पानावर बक्षिसाची चिठ्ठी चिकटवलेली. कुठल्याशा शाळेतल्या मुलीला नियमित हजेरीबद्दल, १९११. शाईचं अक्षर तपकिरी झालेलं, पण एकेक वळण सुबक. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या बक्षिसांच्या पुस्तकांवर अशा चिठ्ठ्या बाबाच लिहायचे, बोरूनं, जेवणाच्या टेबलावर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग पेटीत नाणी टाकली. काल त्याच फळ्यांपासून वीस मैलांवर साखळदंड बघितले होते, ते त्यांनी परतताना बसमध्ये दोनदा बोलून दाखवलं.

सीमेवरचा मी, तुमच्यासाठी पुलावर गेलो. छोटा आहे, झाडी दाट, ओढ्याचा आवाज येतो. आई म्हणाली, "एवढंच?" आणि पलीकडे जाऊन इंग्लंडमधून आम्हाला हात केला. वेल्समधून बाबांनी तिचा फोटो काढला.

अडचणीही सांगते. जिथं राहिलो तिथं खोली तळमजल्यावर मिळेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात दोन अरुंद जिने चढायला लागले आणि आईचा गुडघा रात्री सुजला. वयस्क माणसं सोबत असतील तर फोन करून, लेखी कबूल करून घ्या.

*

सीमेवरचा_मी

फोटो बघायची गरजच नाही, मला दिसला. आईंना नमस्कार सांगा.

*

स्ट्रॉबेरीवाला

काकांना विचारा, भिलार चांगलं की हे?

*

कोरेगावची_लेक

विचारलं. म्हणाले, "हेमध्ये पुस्तक माझं झालं. भिलारला चहा मिळाला." तुम्ही ठरवा.

ते हिरवं पुस्तक सध्या स्वयंपाकघरात आहे. कणा सुटला होता, म्हणून बाबांनी मैद्याची खळ शिजवून चिकटवलाय आणि वर दहा किलोची आट्याची पिशवी ठेवलीय. दोन दिवस कुणी पोळ्यांचं नाव काढायचं नाही असं फर्मान आहे.

*

पोथीबंद

खळीत मोरचूद घातला ना? नाहीतर कसर लागेल.

*

कोरेगावची_लेक

इथं कुठं शोधू मोरचूद! बाबांनी लवंगेच्या तेलाचे चार थेंब घातलेत. घरभर वास येतोय.